दोन शेजारी, दोन पूर्वग्रह: बल्गेरियातले तुर्क आणि रोमा

तुमच्या गावात तुर्क राहिलेला चालेल का? शेजारच्या घरात? कचेरीत वरिष्ठ म्हणून? जावई म्हणून? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एमोरी बोगार्डस यांनी १९२०च्या दशकात ही प्रश्नमालिका तयार केली, आणि १९९०नंतर बल्गेरियात ती पुन्हा पुन्हा वापरली गेली. एकदा तुर्कांचं नाव घालून विचारायचं, एकदा रोमांचं. उत्तरांचं स्वरूप इतक्या वर्षांत फारसं बदललेलं नाही. तुर्क गावात चालतो, शेजारीही बहुतेकांना चालतो. साहेब म्हणून लोक जरा अडखळतात आणि सोयरीक मात्र नको म्हणतात. रोमांच्या बाबतीत नकार शेजाराच्या प्रश्नापासूनच सुरू होतो. प्यू संशोधन केंद्राच्या २०१९च्या पाहणीत बल्गेरियातल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांनी रोमांविषयी प्रतिकूल मत नोंदवलं. इटलीत हे प्रमाण त्याहून जास्त, ८० टक्क्यांच्या पुढे होतं. म्हणजे हा केवळ बाल्कन प्रदेशाचा दोष नव्हे. तरीही बल्गेरियाकडे वेगळं पाहावं लागतं, कारण तिथे दोन मोठे अल्पसंख्य समाज शतकानुशतकं एकाच बहुसंख्य समाजाशेजारी राहत आहेत आणि त्यांच्या वाट्याला आलेले पूर्वग्रह एका जातीचे नाहीत.

आधी आकडे. २०२१च्या जनगणनेत बल्गेरियाची लोकसंख्या ६५ लाखांच्या आसपास भरली. त्यात सुमारे ५ लाख ८ हजारांनी स्वतःला तुर्क म्हटलं आणि २ लाख ६७ हजारांनी रोमा. पहिल्या आकड्याबद्दल फारसा वाद नाही. दुसऱ्यावर कुणाचाच विश्वास नाही. युरोप परिषदेचा अंदाज साडेसात लाखांच्या घरात जातो. हा फरक मोजणाऱ्यांच्या चुकीतून आलेला नाही. रोमा म्हणून नोंद करणं आपल्या हिताचं नाही, हे लाखो माणसं अनुभवाने शिकली आहेत. कुणी स्वतःला बल्गेरियन लिहून घेतात, तर तुर्की बोलणारे मुसलमान रोमा तुर्क लिहून घेतात. लोकांच्या मनात कुणाची किती जागा आहे याचं, माझ्या मते, कोणत्याही मतचाचणीपेक्षा जनगणनेतली ही तूट अधिक खरं माप आहे.

तुर्कांविषयीच्या पूर्वग्रहाच्या मुळाशी भीती आहे आणि रोमांविषयीच्या पूर्वग्रहाच्या मुळाशी तिरस्कार. तुर्क फार बलवान होतील, त्यांच्या पाठीशी शेजारचं मोठं राष्ट्र आहे, एक दिवस ते जमीन मागतील, ही भीती. रोमा आपल्या पातळीचे नाहीतच, हा तिरस्कार. हे दोन्ही शेकडो वर्षांच्या सहवासातून आपोआप उगवलं, असं सांगण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. गेल्या सत्तर वर्षांचा हिशेब मांडला तर बहुतेक ठिकाणी आधी सरकारी निर्णय दिसतो आणि त्याला शोभेल असं लोकमत मागाहून येतं.

इतिहास खोटा नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बल्गेरियाची राज्यं ओस्मानी सत्तेखाली गेली आणि १८७८पर्यंत तिथेच राहिली. १८७६च्या एप्रिलमधला उठाव चिरडताना बाताक गावात स्त्रिया आणि मुलांसह हजारोंची कत्तल झाली. ती प्रत्येक बल्गेरियन मुलाला शाळेत शिकवली जाते आणि शिकवलीच पाहिजे. पण बाताकमध्ये कत्तल करणाऱ्यांत आजूबाजूच्या गावांतले बल्गेरियन भाषा बोलणारे मुसलमानही होते, हे तपशील त्या धड्यात टिकत नाहीत. तिथे उरतो तो ‘तुर्क’ नावाचा एकच चेहरा. २००७ साली बाताकची आठवण चित्रांतून आणि छायाचित्रांतून कशी घडत गेली, यावर काही अभ्यासकांनी प्रदर्शन योजलं. कत्तल झालीच नाही, असं त्यांचं म्हणणं मुळीच नव्हतं. तरी देशभर असा गदारोळ उठला की प्रदर्शन रद्द करावं लागलं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या घटनेबद्दल प्रश्न विचारणंही आजच्या सुरक्षेवर हल्ला ठरतं, यावरून त्या भीतीची धार लक्षात यावी.

पण ही धार दर पिढीला नव्याने लावली गेली. १९५०-५१मध्ये साम्यवादी सरकारने सुमारे दीड लाख तुर्कांना तुर्कस्तानात धाडलं. शेतीच्या सहकारीकरणाला विरोध करणारे शेतकरी त्यात मोठ्या संख्येने होते. १९६८च्या करारानंतर आणखी लाखभराहून जास्त गेले. मग आली १९८४ची डिसेंबर अखेर. तोदोर झिवकोव्ह यांच्या सरकारने जाहीर केलं की बल्गेरियात तुर्क नाहीतच, आहेत ते ओस्मानी काळात बाटवलेले बल्गेरियन. त्यांना ‘मूळ’ नावं परत द्यायची. आधी हा प्रयोग रोमांवर झाला होता, १९७०च्या दशकात पोमाक म्हटल्या जाणाऱ्या बल्गेरियनभाषी मुसलमानांवर झाला होता. आता पाळी तुर्कांची होती. कर्जालीच्या डोंगराळ भागापासून सुरुवात झाली. ऐन थंडीत गावांना सैन्याने आणि मिलिशियाने वेढा घालायचा, लोकांना चौकात बोलवायचं, यादीतून स्लाव्ह नाव निवडायला लावायचं आणि अर्जावर सही घ्यायची. काही आठवड्यांत आठ लाखांहून अधिक माणसांची नावं बदलली. दप्तरातल्या मेलेल्या आईबापांची नावंसुद्धा बदलण्यात आली. रस्त्यात तुर्की बोलल्यास दंड, सुंता केल्यास शिक्षा, सलवारीला बंदी. मोगिल्याने गावाजवळच्या निदर्शनात सतरा महिन्यांचं एक मूल मारलं गेलं. विरोध करणाऱ्यांना डॅन्यूबमधल्या बेलेने बेटावरच्या छावणीत डांबलं.

या मोहिमेला सरकारी भाषेत ‘पुनरुज्जीवन प्रक्रिया’ म्हणत. भारोत्तोलक नईम सुलेमानोव्हचं नाव त्यात नाऊम शालामानोव्ह झालं. डिसेंबर १९८६मध्ये मेलबर्नच्या स्पर्धेहून तो परतलाच नाही. १९८८च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये त्याने तुर्कस्तानकडून सुवर्णपदक जिंकलं आणि बल्गेरियाने काय गमावलं ते जगाने पाहिलं.

मे १९८९मध्ये तुर्क गावांत उपोषणं आणि मोर्चे सुरू झाले. २९ मे रोजी झिवकोव्ह दूरचित्रवाणीवर आले आणि म्हणाले, तुर्कस्तानने सरहद्द उघडावी. जूनपासून ऑगस्टपर्यंत सुमारे ३ लाख ६० हजार माणसं गाड्यांच्या टपांवर गाद्या बांधून निघून गेली. कागदोपत्री ते पर्यटक होते, म्हणून लोकांत या पलायनाला ‘मोठी सहल’ हे नाव पडलं. तंबाखू तोडणीविना शेतातच राहिला, आणि शहरांतल्या विद्यार्थ्यांना व कारकुनांना शेतकामाला जुंपावं लागलं. घरं आणि गुरं मातीमोल भावाने शेजाऱ्यांनी घेतली. हा तपशील महत्त्वाचा आहे. ज्याने पन्नास वर्षं दोन घरांमधल्या कुंपणातल्या छोट्या फाटकातून ये-जा केली, त्यानेच शेजाऱ्याचं घर स्वस्तात घेतलं. नंतर त्या माणसाला स्वतःशी जगायचं असेल, तर शेजारी धोकादायक होता असं मानणं सोयीचं ठरतं. ऑगस्टमध्ये तुर्कस्तानने सरहद्द बंद केली. गेलेल्यांपैकी सुमारे दीड लाख पुढच्या वर्षभरात परतले, पुष्कळांना स्वतःचं घर दुसऱ्याचं झालेलं दिसलं.

१० नोव्हेंबर १९८९ रोजी झिवकोव्ह पडले. डिसेंबरअखेर नावं परत देण्याचा निर्णय झाला आणि त्याविरुद्ध जानेवारीच्या कडाक्यात बल्गेरियन लोकांचे मोर्चे निघाले. पाच वर्षांपूर्वी नावं हिसकावली तेव्हा असा कुठलाही जमाव रस्त्यावर उतरला नव्हता. परत देताना मात्र उतरला. मोहीम राबवणाऱ्यांवरचा खटला तीन दशकं रेंगाळला, शिक्षा कुणालाच झाली नाही. संसदेने या सक्तीचा निषेध करणारा ठराव केला तो २०१२मध्ये आणि त्यात १९८९च्या हकालपट्टीला वांशिक शुद्धीकरण म्हटलं. तो ठराव थोर होता. पण शाळेच्या पुस्तकांत ओस्मानी पाच शतकांना जितकी पानं मिळतात, त्याच्या मानाने या पाच वर्षांना फार थोडी मिळतात.

त्यानंतरच्या काळात भीतीने राजकीय पोशाख घातला. जानेवारी १९९०मध्ये अहमद दोगान यांनी ‘हक्क आणि स्वातंत्र्य चळवळ’ हा पक्ष काढला. १९९१च्या राज्यघटनेने वांशिक आधारावरच्या पक्षांना बंदी घातली, पण १९९२मध्ये घटना न्यायालयाने अगदी निसटत्या फरकाने हा पक्ष वैध ठरवला. मला वाटतं, युगोस्लाव्हिया पेटलेला असताना बल्गेरियात रक्त सांडलं नाही याचं बरंच श्रेय या निकालाला जातं, कारण तुर्कांना संसदेत बसायला जागा मिळाली. पुढे हा पक्ष सत्तेच्या समीकरणातला कायमचा वाटेकरी झाला, भ्रष्टाचाराचे गंभीर आरोप त्याच्यावर झाले आणि त्यातले अनेक निराधार नव्हते. पण इतर पक्षांचा भ्रष्टाचार त्या पक्षांचा राहिला आणि याचा भ्रष्टाचार मात्र सगळ्या तुर्कांचा ठरला. २००५मध्ये व्होलेन सिदेरोव्ह यांचा ‘आताका’ पक्ष उभा राहिला तो याच रागावर. पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ते दुसऱ्या फेरीत पोचले आणि जवळजवळ चौथा हिस्सा मतं घेऊन गेले. मे २०११मध्ये त्यांच्या कार्यकर्त्यांनी सोफियातल्या बान्या बाशी मशिदीसमोर शुक्रवारच्या नमाजाला बसलेल्यांवर हल्ला केला.

वादाचे विषय पाहिले की भीती किती क्षुल्लक गोष्टींना चिकटते ते दिसतं. सरकारी दूरचित्रवाणीवर २०००पासून दिवसाला दहा मिनिटांच्या तुर्की बातम्या असतात. त्या बंद करण्यासाठी सार्वमत घ्यावं या आताकाच्या मागणीला २००९मध्ये पंतप्रधान बॉयको बोरिसोव्ह यांनी आधी पाठिंबा दिला, मग माघार घेतली. निवडणुकीचा प्रचार बल्गेरियन सोडून दुसऱ्या भाषेत केल्यास दंड होतो, आणि या नियमाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होतो असं युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०२३मध्ये सांगितलं. २०१८मध्ये स्तारा झागोराच्या नगरपरिषदेने आसपासच्या शेतांची, टेकड्यांची आणि ओढ्यांची तुर्की-अरबी वळणाची ८३८ नावं एका ठरावात बदलली. माणसांची नावं परत दिली गेली होती. आता ओढ्यांची घेतली गेली.

रोमांच्या बाबतीत असं कुठलंच साम्राज्य आठवत नाही, कुठलंही परराष्ट्र त्यांच्या पाठीशी नाही. वायव्य भारतातून निघालेले हे लोक चौदाव्या शतकापर्यंत बाल्कनमध्ये पोचले होते. त्यांची भाषा हिंद-आर्य कुळातली आहे. नाक, कान, पाणी, माणूस हे शब्द तिच्यात आजही ओळखीचे राहिले आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला हा समाज दूरचा वाटण्याचं कारण नाही. आणि चोरी झाली की पोलीस आधी कुठल्या वस्तीत जातात, हे ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ वाचलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

साम्यवादी सरकारने १९५८मध्ये भटकंतीवर बंदी घातली. रोमांना कारखान्यांत आणि सहकारी शेतांवर काम मिळालं, पगार मिळाला, पक्की घरंही मिळाली. तेवढं श्रेय द्यायलाच हवं. पण त्यांच्या मुलांसाठी वस्तीतच ज्या शाळा निघाल्या, त्यांचा भर हस्तव्यवसायावर होता. मूल शिकून मजूरच होणार, हे आधीच ठरलेलं होतं. १९८९नंतर सहकारी शेतं मोडली आणि जमिनी सहकारीकरणाआधीच्या मालकांना परत गेल्या. रोमा कधी मालक नव्हतेच, त्यांच्या हाती काहीच आलं नाही. कारखाने बंद पडताना सर्वांत आधी त्यांना काढलं. दहा वर्षांच्या आत कष्टकरी समाजाचं ‘ऐतखाऊ’ समाजात रूपांतर झालं ते असं. आज सर्रास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, ते काम करत नाहीत आणि आपल्या करांवर जगतात. त्या वाक्याचं वय पस्तीस वर्षांपेक्षा फारसं जास्त नाही.

प्लोव्हदिवमधली स्तोलिपिनोव्हो, सोफियातली फाकुल्तेता, स्लिव्हेनमधली भिंतीआडची नादेझ्दा या वस्त्या अशाच वाढल्या. अनेक घरं बिनपरवाना आहेत, कारण परवाने देणाऱ्या नगरपालिकांनी दशकानुदशकं तिथे नगररचनाच केली नाही. मग त्याच नगरपालिका बेकायदा म्हणून घरं पाडायला येतात, बहुधा निवडणुकीच्या आसपास. सोफियातल्या बातालोवा वोदेनित्सा या वस्तीबाबत युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१२मध्ये स्पष्ट केलं की पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्यांना पर्यायाचा विचारही न करता हुसकावणं हा त्यांच्या घराच्या हक्काचा भंग आहे.

तिरस्कार कसा बांधला जातो हे पाहायचं तर दुपनित्सा गावातल्या विजेच्या मीटरांकडे पाहावं. सगळीकडे मीटर दीड-पावणेदोन मीटर उंचीवर असतात. तिथल्या रोमा वस्तीत वीज कंपनीने ते खांबांवर सहा-सात मीटर उंच बसवले. कारण दिलं वीजचोरीचं. कुणी चोरी केली, किती केली याचा हिशेब नाही, पूर्ण वस्ती चोर. प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्यालाही आपण किती युनिट जाळले ते वाचता येत नाही. या वस्तीत दुकान चालवणाऱ्या एका बाईंनी तक्रार केली. त्या स्वतः रोमा नव्हत्या. युरोपीय संघाच्या न्यायालयाने जुलै २०१५मध्ये सांगितलं की ही पद्धत अवमानकारक आणि कलंक लावणारी आहे आणि वस्तीवर झालेल्या भेदभावाची झळ ज्याला लागते त्याला, तो कुठल्याही वंशाचा असो, दाद मागता येते. रोज सकाळी शाळेत जाणारं रोमा मूल त्या खांबाकडे मान वर करून पाहतं. रस्त्याने जाणारं बल्गेरियन मूलही पाहतं. दोघांनाही न बोलता एकच गोष्ट शिकवली जाते. पुढे पंचवीस वर्षांनी मतचाचणी करणारा त्यांना ‘तुमचं मत काय’ विचारतो.

भेदभावाला राज्यकर्त्यांचा शब्द मिळाला की हिंसा दूर नसते. सप्टेंबर २०११मध्ये प्लोव्हदिवजवळच्या कातुनित्सा गावात एका धनाढ्य रोमा घराण्याशी जोडलेल्या गाडीखाली एक तरुण मारला गेला. गुन्हा त्या माणसांचा होता. मोर्चे मात्र दूरदूरच्या शहरांत सगळ्या रोमांविरुद्ध निघाले. जानेवारी २०१९मध्ये व्होयव्होदिनोव्हो गावात एका सैनिकाला मारहाण झाली. उपपंतप्रधान क्रासिमीर काराकाचानोव्ह यांनी रोमांच्या ‘उद्धटपणा’वर तोंडसुख घेतलं, घरं पाडली गेली, मारहाणीशी संबंध नसलेल्या बायकामुलांनी रात्री गाव सोडलं. २०२२मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने या प्रकरणात बल्गेरियाला दोषी ठरवलं. करोनाच्या साथीत, २०२०च्या मेमध्ये, याम्बोलच्या रोमा वस्तीवर हेलिकॉप्टरमधून जंतुनाशक फवारलं गेलं. शहराच्या इतर भागांवर नाही.

या चित्रात एक गाठ आहे आणि ती सोडवल्याशिवाय आढावा प्रामाणिक होणार नाही. तुर्क आणि रोमा एकमेकांचे सोबती नाहीत. अंतोनिना झेल्याझ्कोवा यांच्या पुढाकाराने १९९०च्या दशकात ख्रिस्ती आणि मुसलमान समाजांच्या सहजीवनाचा मोठा अभ्यास झाला. त्यातून आणि पुढच्या पाहण्यांतून दिसलं की रोमांना दूर ठेवण्यात तुर्कही बल्गेरियनांच्या मागे नाहीत. तुर्की बोलणाऱ्या, स्वतःला तुर्क म्हणवणाऱ्या स्तोलिपिनोव्होच्या रोमांना कर्जालीचे तुर्क आपल्यात मोजत नाहीत. ज्याची स्वतःची ओळख एकदा हिसकावली गेली, तो दुसऱ्याला ओळख देताना हात आखडतो. मला यात दुष्टपणा दिसत नाही, घसरण्याची धास्ती दिसते. ज्या समाजात तळाची पायरी इतकी भयंकर असते, तिथे आपण तिच्यावर नाही हे सिद्ध करण्यात सगळ्यांची शक्ती जाते.

पाहण्यांत आणखी एक गोष्ट हमखास सापडते. ‘आमच्या गावचे तुर्क चांगले आहेत’, ‘माझ्याबरोबर काम करणारा रोमा अपवाद आहे’. ओळखीचा माणूस चांगला, समाज वाईट. अपवाद कितीही वाढले तरी नियम हलत नाही. याला जोडून सहिष्णुतेचा राष्ट्रीय अभिमान येतो. १९४३मध्ये बल्गेरियाने आपल्या जवळजवळ ४८ हजार ज्यूंना मृत्युछावण्यांत जाऊ दिलं नाही, हे खरोखर मोठं कृत्य होतं. पण त्याच वेळी बल्गेरियाच्या ताब्यातल्या थ्रेस, मॅसिडोनिया आणि पिरोत भागातले ११ हजारांवर ज्यू पाठवले गेले. अर्धी आठवण जपली की आपण मुळातच सहिष्णू आहोत असं वाटू लागतं, आणि मुळातच सहिष्णू असलेल्याला स्वतःत पूर्वग्रह शोधण्याची गरज वाटत नाही.

मतं बदलतात का? तुर्कांच्या बाबतीत बदलली आहेत. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला होती तितकी दाट भीती आज नाही. एकत्र सरकारं चालली, व्यापार वाढला, लाखो बल्गेरियन इस्तंबूलला फिरून आले आणि तिथल्या दूरचित्रवाणी मालिका घराघरांत पाहिल्या गेल्या. निवडणूक आली की भीती पुन्हा फुंकली जाते. २०१७च्या मार्चमध्ये तुर्कस्तानात राहणाऱ्या मतदारांच्या बस अडवायला राष्ट्रवादी पक्ष सरहद्दीवर जाऊन बसले होते. पण निवडणूक संपली की ती ओसरते. रोमांविषयीचा तिरस्कार ओसरत नाही, कारण त्याला निवडणुकीची गरज नाही. शाळा, खांब आणि भिंत त्याला रोज खाऊ घालतात. म्हणूनच तुर्कांविषयी वाईट बोलताना आज पाहणी करणाऱ्यासमोर थोडी लाज दिसते. रोमांविषयी बोलताना ती दिसत नाही.

जिथे व्यवस्था बदलली तिथे मात्र काही हललं. २००० साली डॅन्यूबकाठच्या व्हिदिन शहरात ‘द्रोम’ या रोमा संघटनेने वस्तीतली मुलं बसने शहरातल्या सर्वसाधारण शाळांत न्यायला सुरुवात केली. बसमध्ये आणि शाळेत मुलांबरोबर संघटनेची माणसं असत, त्यामुळे मुलं टिकली. नंतर प्लेव्हेन, मोंताना आणि इतर शहरांनी हा मार्ग धरला. अडचणी खऱ्या होत्या. वर्गात रोमा मुलं थोडी वाढली की बल्गेरियन पालक आपली मुलं दुसऱ्या शाळेत हलवत आणि शाळा पुन्हा एकरंगी होई. सरकारने हे काम बहुतांशी संघटनांवर आणि परदेशी देणग्यांवर सोडून दिलं. २००५मध्ये बारा देशांपर्यंत वाढत गेलेलं ‘रोमा समावेशनाचं दशक’ सोफियातच सुरू झालं होतं, पण दशक संपलं तेव्हाही वस्तीतल्या शाळा वस्तीतच होत्या. याला मी रोमांचं अपयश म्हणणार नाही. प्रयोग यशस्वी झाल्याचं पाहूनही त्याचा विस्तार न करण्याचा तो निर्णय होता.

२००७मध्ये बल्गेरिया युरोपीय संघात गेला आणि स्तोलिपिनोव्होची हजारो माणसं जर्मनीत, विशेषतः डॉर्टमुंडमध्ये, कामाला गेली. तिथल्या तुर्क कंत्राटदारांशी बोलायला त्यांची घरची तुर्की कामी आली. मायदेशात ज्या भाषेने त्यांना कधी तुर्कांत जागा दिली नाही आणि बल्गेरियनांतही दिली नाही, तिने परदेशात रोजगार दिला. डॉर्टमुंडच्या वर्तमानपत्रांत त्यांच्याबद्दल जे लिहिलं जातं ते सोफियातल्या वर्तमानपत्रांशी बरंच मिळतंजुळतं आहे. पण त्यांची मुलं तिथे जर्मन मुलांच्या वर्गात बसतात, आणि त्यातली काही कुटुंबं प्लोव्हदिवला परतल्यावर मुलांना वस्तीतल्या शाळेत घालायला तयार नसतात.